जळलेल्या हस्तलिखिताचे वाचक

ग्रंथाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपण बहुधा ग्रंथकर्त्यापाशीच थांबतो. त्याचा जन्म कोठे झाला, आश्रय कोणाचा लाभला, त्याने कोणकोणते ग्रंथ रचले, हे सांगून झाले की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. परंतु प्रत्येक ग्रंथाला दुसराही एक इतिहास असतो, तो वाचकांचा. आपल्या मठांतून, देवालयांतून आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून ज्या पोथ्या आजवर हाती आल्या, त्या मूळ कर्त्याच्या हातच्या क्वचितच आहेत. कोणा भाविकाने त्या उतरून घेतल्या, शेवटी शक, तिथी आणि गाव लिहिले, अक्षरचुकीबद्दल क्षमा मागितली आणि पोथी फडक्यात बांधून ठेवली. तो आधी वाचक होता, मग लेखनिक झाला. त्याने हात आखडता घेतला असता तर कर्त्याची प्रतिभा व्यर्थ गेली असती.

हा विचार मनाशी धरून आम्ही आज एका परदेशी कादंबरीच्या वाचकांची हकीकत सांगणार आहोत. मिखाईल बुल्गाकोव या रशियन लेखकाची ‘मास्टर आणि मार्गारिता’ ही ती कादंबरी. तीत सैतान मॉस्को शहरी येतो, त्याचा बोका ट्रामचे भाडे देऊ पाहतो, आणि कचेरीतल्या खुर्चीवर माणूस नसताना त्याचा नुसता पोशाख बसून कागदांवर शेरे मारतो. अशा चमत्कारिक व हास्यकारक पुस्तकाने एका मोठ्या राष्ट्राला अर्धशतकाहून अधिक काळ का गुंतवून ठेवावे, आणि देवाधर्माचे वळण असलेल्या वाचकाने सैतानाच्या या हास्याकडे कोणत्या दृष्टीने पहावे, हे दोन प्रश्न आमच्यापुढे आहेत.

बुल्गाकोवचा जन्म १८९१ साली कीव शहरात झाला. वडील तेथील ख्रिस्ती धर्मविद्येच्या अकादमीत अध्यापक होते. मुलाने १९१६ साली वैद्यकीची पदवी घेतली. परंतु महायुद्ध, राज्यक्रांती आणि यादवी यांच्या धुमाळीत तो व्यवसाय सुटला, आणि १९२१ साली लेखणीवर पोट भरण्याच्या आशेने तो मॉस्कोत आला. बोल्शाया सादोवाया रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरात, ५० क्रमांकाच्या बिऱ्हाडात, त्याला एक खोली मिळाली. एका बिऱ्हाडात अनेकांचे संसार, स्वयंपाकघर सामाईक, आणि भांडणांना तोटा नाही, असा तो काळ होता. पुढे कादंबरीत घराचा क्रमांक बदलला. बिऱ्हाडाचा ५० हा आकडा मात्र तोच राहिला, आणि सैतानाने आपला मुक्काम तेथेच ठोकला.

१९२६ साली मॉस्को आर्ट थिएटरने बुल्गाकोवचे ‘तुर्बिन कुटुंबाचे दिवस’ हे नाटक रंगभूमीवर आणले. प्रेक्षकांची झुंबड उडाली. स्वतः स्तालिननेही ते अनेकदा पाहिले. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात गुप्त पोलिसांनी लेखकाच्या घराची झडती घेऊन त्याची रोजनिशी आणि ‘कुत्र्याचे काळीज’ या कथेचे हस्तलिखित उचलून नेले. १९२९ सालापर्यंत त्याच्या सर्व नाटकांवर पडदा पडला. २८ मार्च १९३० रोजी त्याने सरकारला एक दीर्घ पत्र लिहिले. आपल्यावरील वृत्तपत्रीय अभिप्राय त्याने कात्रणवहीत चिकटवून ठेवले होते. त्यांची बेरीज त्याने पत्रात दिली: एकूण ३०१, पैकी अनुकूल ३ आणि प्रतिकूल २९८. सैतानावरील एका कादंबरीचा खर्डा आपण आपल्याच हाताने शेगडीत टाकला, हेही त्याने कळविले. १८ एप्रिलला स्तालिनचा दूरध्वनी आला आणि आर्ट थिएटरमध्ये त्याला नोकरी मिळाली. पोटाची सोय झाली. मुद्रणाचा मार्ग मात्र बंदच राहिला.

शेगडीत गेलेली ती कादंबरी म्हणजेच ‘मास्टर आणि मार्गारिता’चा १९२८ साली आरंभिलेला पहिला अवतार. फाडलेल्या पानांच्या काही वह्या तेवढ्या उरल्या. बुल्गाकोवने ती पुन्हा लिहावयास घेतली आणि मृत्यूपर्यंत लिहीत राहिला. १९३८ च्या उन्हाळ्यात तिची टंकलिखित प्रत सिद्ध झाली. त्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने त्याची दृष्टी मंदावली, तेव्हा तो दुरुस्त्या तोंडाने सांगे आणि पत्नी येलेना सेर्गेयेव्ना त्या उतरून घेई. त्याच विकाराने १९०७ साली त्याचे वडील गेले होते. १० मार्च १९४० रोजी बुल्गाकोवचा अंत झाला. त्या वेळी या कादंबरीचे एक पानही छापले गेले नव्हते.

तथापि तिला श्रोते मिळाले होते, आणि त्यांचा प्रतिसाद इतिहासात नोंदण्याजोगा आहे. १९३९ च्या वसंतात लेखकाने आपल्या घरी निवडक स्नेह्यांपुढे ती वाचून दाखविली. गोष्टीतील तो परदेशी पाहुणा कोण असावा, असे त्याने श्रोत्यांना विचारले. एका श्रोत्याला उत्तर उमगले होते. परंतु ते उच्चारण्याची त्याची तयारी नव्हती. अखेर येलेनाबाईंनी आणि त्याने वेगवेगळ्या कागदांवर ते लिहून परस्परांस दाखविले. शेवटची प्रकरणे ऐकताना मंडळी भयाने ताठरून गेली होती, असे बाईंच्या रोजनिशीत आहे. आणि हे हस्तलिखित छापण्यास देऊ नये, परिणाम भयंकर होतील, असे त्यांतल्या एकाने बाईंना बाजूस घेऊन बजावले. पुस्तक विनोदी आणि श्रोते भयभीत, असा हा योग आहे. तो समजण्यासाठी कथेत शिरले पाहिजे.

वसंत ऋतूतील एका तप्त सायंकाळी मॉस्कोतील एका तळ्याकाठच्या बाकावर दोघेजण बसले आहेत. बेर्लिओज हा लेखकांच्या एका मोठ्या संस्थेचा अध्यक्ष. दुसरा इवान हा तरुण कवी. येशू ख्रिस्त नावाचा पुरुष कधी झालाच नाही, हे अध्यक्षमहाशय कवीला पटवून देत असता एक परदेशी गृहस्थ संभाषणात भाग घेतो. येशू होऊन गेला, असे तो ठामपणे सांगतो. इतकेच नव्हे, तर बेर्लिओजचा शिरच्छेद होणार, असे भाकीतही करतो. काही वेळातच कोणा बाईने सांडलेल्या सूर्यफुलाच्या तेलावरून अध्यक्षांचा पाय घसरतो आणि ते ट्रामखाली सापडतात. हा परदेशी म्हणजे वोलांद, अर्थात सैतान. त्याच्या परिवारात चौकड्यांचे जाकीट घातलेला कोरोव्येव आहे आणि बेहेमोत नावाचा एक धिप्पाड, वाचाळ बोका आहे.

पुढे शहरात जो गोंधळ माजतो त्याचे वर्णन थोडक्यात करणे कठीण. नाट्यगृहातील जादूच्या खेळात छतावरून नोटांचा पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशी त्याच नोटा बाटल्यांवरील चिठ्ठ्या होऊन बसतात. एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मॉस्कोहून याल्ताच्या समुद्रकिनारी जाऊन पडतो. एका कचेरीच्या प्रमुखाला निरनिराळी मंडळे स्थापण्याचा भारी सोस. त्यापायी तेथील कारकून समूहगान गाऊ लागतात, आणि त्यांना थांबावे म्हटले तरी थांबता येत नाही. अखेर त्यांना मोटारींत भरून, गात असतानाच, वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागते. या धामधुमीच्या मधूनमधून एक अगदी निराळी कथा येते. तीत रोमन सुभेदार पिलात हा येशुआ नामक निरपराध पुरुषाला, त्याचे निरपराधित्व जाणूनही, केवळ भीतीपोटी वधस्तंभाकडे पाठवितो. पिलाताची ही कथा ज्याने लिहिली तो अनामिक ‘मास्टर’ टीकाकारांच्या छळाने खचून वेड्यांच्या इस्पितळात पोहोचला आहे, आणि त्याची प्रिया मार्गारिता त्याच्या सुटकेसाठी सैतानाच्या महोत्सवात यजमानीण होण्याचे मान्य करते.

आता या हास्याचे मर्म पहा. ट्रामची वाहक बाई बोक्याला भाडे देताना पाहून चकित होत नाही. मांजरांना प्रवेश नाही, एवढा नियम ती ओरडून सांगते. खुर्चीवरचा रिकामा पोशाख जे शेरे मारतो, ते सारे कचेरीचा प्रमुख परत आल्यावर जसेच्या तसे मान्य करतो. बेर्लिओज मरतो न मरतो तोच त्याच्या खोल्या मागणारे ३२ अर्ज दोन तासांत गृहसमितीच्या अध्यक्षाकडे दाखल होतात. लेखकांच्या उपाहारगृहात शिरताना कोरोव्येव आणि बोका यांच्याकडे लेखकपणाचा दाखला मागितला जातो. दाखला नसेल तर लेखक नाही, हा दाराशी बसलेल्या बाईंचा सिद्धान्त. यांतील चमत्कार सैतानाचा आहे खरा. परंतु त्याला सामावून घेणारी व्यवस्था शहराने आधीच सिद्ध करून ठेवली आहे. सैतान येण्यापूर्वीच त्या ५० क्रमांकाच्या बिऱ्हाडातून एकेक भाडेकरू नाहीसा होत होता, आणि कोणी कारण विचारीत नव्हते. १९३७ सालची धरपकड ज्यांनी पाहिली होती, त्या श्रोत्यांना हे अद्भुत कोठून आले ते सांगावे लागले नाही. १९३४ च्या लेखक-संमेलनात ‘समाजवादी वास्तववाद’ ही साहित्याची अधिकृत रीत ठरली होती. त्या रीतीने लिहिलेल्या अनेक पुस्तकांना जे वास्तव सांगता आले नाही, ते या बोक्याच्या गोष्टीने सांगितले. श्रोत्यांच्या भीतीचे कारण हेच होते.

लेखकाच्या मृत्यूनंतर हस्तलिखित येलेनाबाईंच्या स्वाधीन राहिले. १९४१ साली जर्मन आक्रमणामुळे मॉस्कोतील अनेक कुटुंबे मध्य आशियात हलविली गेली, तेव्हा बाई ताश्कंदला गेल्या. तेथे कवयित्री आना आख्मातोवा यांनी ही कादंबरी वाचली. बाईंनी पुढेही ती पुन्हा टंकलिखित केली, विश्वासू माणसांना वाचावयास दिली आणि प्रकाशनासाठी उंबरठे झिजविले. २६ वर्षे या कादंबरीचे वाचक बोटांवर मोजण्याइतकेच होते. कथेतील मास्टर निराशेच्या भरात आपले हस्तलिखित जाळतो आणि मार्गारिता शेगडीत हात घालून उरलेली पाने बाहेर काढते. पुढे सैतानाचा बोका खुर्चीवरून उठतो, तो त्याच्याखाली हस्तलिखितांची चवड अखंड सापडते. कथेत जे बोक्याने एका क्षणात केले, ते व्यवहारात एका विधवेने पाव शतक खपून केले.

स्तालिनच्या मृत्यूनंतर वातावरण थोडे सैल झाले. कोन्स्तान्तिन सिमोनोव हे प्रतिष्ठित लेखक बुल्गाकोवच्या साहित्यसंपदेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या प्रस्तावनेसह ‘मॉस्क्वा’ मासिकाच्या नोव्हेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७ या दोन अंकांत ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मासिकाच्या १,५०,००० प्रती निघत. त्या पाहता पाहता नाहीशा झाल्या. अंक हातोहात फिरू लागले. लोकांनी कादंबरीची पाने सुटी करून त्यांची स्वतंत्र पुस्तके बांधून घेतली.

परंतु छापलेला मजकूर पूर्ण नव्हता. परीक्षकांनी सुमारे १२ टक्के भाग कापला होता. परकी चलन दडविणाऱ्यांची जाहीर उलटतपासणी चाललेली गृहसमितीच्या अध्यक्षाला स्वप्नात दिसते. त्या स्वप्नाचा मोठा भाग गेला. बिऱ्हाडातून माणसे नाहीशी होण्याचे उल्लेख गेले. येथे वाचकांच्या इतिहासातील सर्वांत मोठे पर्व सुरू होते. गाळलेले उतारे टंकयंत्रावर, पातळ कागदांच्या थप्पीत कार्बन घालून उतरविले जाऊ लागले. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीनंतर काय घालावयाचे, याच्या याद्या हातोहात फिरल्या. वाचकांनी ते कपटे आपापल्या अंकांत योग्य ठिकाणी चिकटविले. १९६९ साली फ्रँकफुर्ट येथील निर्वासित रशियनांच्या ‘पोसेव’ प्रकाशनाने पूर्ण मजकूर छापला, तेव्हा परीक्षकांनी गाळलेला भाग वेगळ्या वळणाच्या टायपात दिला. परिणाम असा झाला, की सत्तेला नेमके काय नको होते, हे पान उलटताच दिसू लागले. कात्री चालविणाऱ्यांनीच जणू वाचकांसाठी खुणा करून ठेवल्या होत्या.

पोर्तुगीज अमदानीत छापण्यापूर्वी मजकूर सरकारी तपासनिसापुढे ठेवण्याचा जाच १९६१ सालापर्यंत सोसलेल्या गोव्यातील कुटुंबांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रात काय छापले आहे यापेक्षा काय छापलेले नाही, हे ओळखण्याची सवय तेथील जुन्या पिढीला लागलेली होती. रशियातील वाचकाने त्याच सवयीला टंकयंत्राची जोड दिली. येलेनाबाई १९७० साली वारल्या. कादंबरीची पूर्ण संहिता १९७३ साली मॉस्कोत ग्रंथरूपाने आली, तीही अवघ्या ३०,००० प्रतींत. ती पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

एवढ्या सायासाने मिळविलेले पुस्तक सर्वांनी एकाच रीतीने वाचले असे मात्र घडले नाही. काहींनी ते कोड्यासारखे सोडविले. वोलांद म्हणजे स्तालिन काय, अमुक टीकाकार म्हणजे तमुक संपादक काय, असे एकेका पात्राचे मूळ शोधण्यात त्यांची वर्षे गेली. काहींना त्यात फक्त कचेऱ्यांची आणि ढोंगी साहित्यिकांची फजिती दिसली. ते पिलाताची प्रकरणे भराभर उलटीत. काहींनी ती प्रेमकथा म्हणून उराशी धरली. युरी ल्युबिमोव यांनी १९७७ साली तागांका नाट्यगृहात तिचा प्रयोग केला, तेव्हा तिकिटासाठी माणसे जिवाचे रान करीत. १९८०च्या दशकात तरुण मंडळी त्या १० क्रमांकाच्या घराच्या जिन्यात जमू लागली, आणि भिंती बोक्यांच्या चित्रांनी व लेखकाला उद्देशून लिहिलेल्या मजकुराने भरून गेल्या. रंग लावून त्या पुसल्या तरी पुन्हा भरत. ज्या बिऱ्हाडातील सामाईक संसाराला लेखक विटला होता, तेथे आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

धर्मनिष्ठ वाचकांचा प्रतिसाद यांहून गुंतागुंतीचा आहे, आणि आम्हांस तो अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या देशात चर्चची कुलुपे उघडत नव्हती आणि बायबल सहजासहजी मिळत नव्हते, तेथे या कादंबरीतील पिलाताची प्रकरणे वाचून अनेकांचे लक्ष प्रथम मूळ धर्मग्रंथाकडे वळले. उलटपक्षी, येशुआ हा शुभवर्तमानातील ख्रिस्त नव्हे. त्याच्या चरित्रातील दैवी अंश लेखकाने काढून टाकला आणि कथा सांगण्याचे काम सैतानाकडे दिले, असा आक्षेप सनातनी ख्रिस्ती वाचकांनी घेतला. आंद्रेई कुरायेव या रशियन धर्मोपदेशकाने २००४ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पिलाताची कथा सैतानाच्या प्रेरणेची आहे, म्हणून ती लेखकाची स्वतःची श्रद्धा समजू नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. सर्वांचीच मजल वादापर्यंत थांबली नाही. डिसेंबर २००६ मध्ये ही कादंबरी सैतानी आहे असे मानणाऱ्या एका माणसाने त्या ५० क्रमांकाच्या बिऱ्हाडात शिरून तेथील वस्तूंची नासधूस केली. तळ्याकाठी बुल्गाकोवच्या स्मारकाबरोबर बोक्याच्या प्राइमस स्टोव्हची भव्य प्रतिकृती उभारण्याचा बेत त्यापूर्वीच रहिवाशांच्या विरोधामुळे बारगळला होता. १९३९ साली भीतीने ताठरलेले श्रोते आणि २००६ साली संतापलेला हा वाचक, दोघांनीही कादंबरी मनावर घेतली होती, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

भाविकाने या हास्याकडे कसे पहावे, या प्रश्नाचा विचार करताना आमच्यापुढे आपल्याकडील एक दृश्य उभे राहते. कोकणात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात दशावताराचा खेळ होतो. त्यात वेद चोरणारा संकासूर काळा वेष करून येतो, बोलीभाषेत सूत्रधाराची आणि भटजीची यथेच्छ थट्टा करतो आणि लहानथोरांना पोट धरून हसवितो. देवासमोर असुर हसतो, म्हणून देऊळ बाटले असे कोणी मानीत नाही. अखेर विष्णूच्या हातून त्याचे पारिपत्य होणार, हे हसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ते हास्य एका मोठ्या श्रद्धेच्या चौकटीत बसलेले असते. बुल्गाकोवच्या सैतानाचे पारिपत्य कोणीच करीत नाही. तो आला तसा आकाशमार्गे निघून जातो. हा भेद महत्त्वाचा आहे, आणि रशियन भाविकाला वाटलेल्या अस्वस्थतेचे मूळ आम्हांस येथे दिसते. चौकट नसलेले हास्य माणसाला कोठे नेऊन सोडील, ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तरीही पुस्तक पूर्ण वाचणारास त्याची स्वतःची एक चौकट दिसल्यावाचून रहात नाही. मॉस्कोच्या प्रकरणांत जेवढा दंगा आहे तेवढीच पिलाताच्या प्रकरणांत स्तब्धता आहे. तेथे बोका नाही, जादू नाही, एकही विनोद नाही. ऊन आहे, सुभेदाराची असह्य डोकेदुखी आहे, आणि समोर हात बांधलेला एक माणूस आहे जो कोणाविषयीही वाईट बोलत नाही. भाषा एकाएकी गंभीर होते. लेखकाने सर्वांची थट्टा केली. या एका प्रसंगाची केली नाही. आणखी असे, की त्या नास्तिक अध्यक्षाला येशूच्या अस्तित्वाची साक्ष देणारा येथे सैतानच आहे. ज्या शहराने सत्याला थारा दिला नाही, तेथे ते सांगण्याचे काम असत्याच्या अधिपतीवर येऊन पडावे, हा यातील सर्वांत कडवट विनोद होय. पिलाताचे पाप लेखकाच्या मते भित्रेपणाचे आहे. सत्य कळत असूनही पद जाईल म्हणून गप्प बसण्याचे ते पाप आहे. हे वाक्य ज्या श्रोत्यांनी १९३९ साली ऐकले त्यांच्यापैकी कोणीही स्वतःला त्यातून वगळू शकला नसेल. आणि कादंबरीभर हास्याचे लक्ष्य झालेल्या लाचखाऊ, चहाडखोर आणि दाखल्यावरून प्रतिभा मोजणाऱ्या मंडळींचेही मूळ दुखणे तेच आहे. म्हणून नुसता हसून पिलाताची पाने उलटणारा आणि सैतानाचे नाव ऐकताच पुस्तक मिटणारा, हे दोघेही आमच्या मते अर्धेच पुस्तक वाचतात.

सोव्हिएत राज्य १९९१ साली लयास गेले. कादंबरी मुक्तपणे मिळू लागली, शाळेत शिकविली जाऊ लागली. डिसेंबर २००५ मध्ये व्लादिमिर बोर्त्को यांची तीवरील दूरदर्शन-मालिका कोट्यवधी लोकांनी पाहिली. २०१२ साली त्या तळ्याकाठी अनोळखी माणसांशी बोलण्यास मनाई करणारी एक गमतीची पाटी लागली. तीवर वोलांद, कोरोव्येव आणि बोका यांच्या आकृत्या होत्या. ज्या पुस्तकाच्या वाचनाने एकेकाळी घरातल्या घरात घाम फुटत असे, ते आता पर्यटकांच्या करमणुकीचे साधन झाले, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

परंतु पुस्तकाचा निखारा पुरता विझला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये मायकेल लॉकशिन यांचा या कादंबरीवरील चित्रपट रशियात प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाने २०२२ सालच्या युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध केलेला होता. त्यामुळे सरकारपक्षी प्रचारकांनी त्याच्यावर खटला भरण्याची मागणी केली. चित्रपटगृहांपुढील गर्दी मात्र हटली नाही. छळ सोसणारा लेखक आणि त्याच्यावर तुटून पडणारी वृत्तपत्रे पडद्यावर पाहताना प्रेक्षकांना कोणता काळ आठवत होता, हे सांगावयास नको. त्याच सुमारास बुल्गाकोवच्या जन्मगावी वारे उलट दिशेने वाहत होते. युक्रेनी अस्मितेविषयी त्याने दाखविलेला तुच्छभाव आठवून २०२२ साली युक्रेनच्या लेखक संघाने कीवमधील त्याच्या घराचे संग्रहालय बंद करावे अशी मागणी केली. ज्याला एका नगरीत सत्तेचा बळी म्हणून वाचतात, त्यालाच दुसऱ्या नगरीत साम्राज्याचा वारस म्हणून वाचतात. दोन्ही वाचनांमागे माणसांची खरी दुःखे उभी आहेत, आणि आम्हांस त्यांपैकी एकही खोटे ठरविता येत नाही.

या कादंबरीची लेखकाने शेवटचा हात फिरविलेली संहिता अस्तित्वात नाही. दुरुस्त्या सांगता सांगताच त्याचा प्राण गेला. १९७३ च्या आवृत्तीनंतर लिदिया यानोव्स्काया यांनी हस्तलिखिते नव्याने ताडून १९८९ साली दुसरी संहिता सिद्ध केली, आणि त्या दोहोंत फरक आहेत. म्हणजे येलेनाबाईंनी ऐकून उतरलेली वाक्ये, टंकयंत्रावर रात्री जागून काढलेले कपटे आणि संशोधकांनी जुळविलेली पाने यांवाचून हा ग्रंथ आपल्या हाती आलाच नसता. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस क्षमा मागणाऱ्या त्या लेखनिकाचे हेच तर काम होते. कोणतीही पोथी उघडताना आपण कर्त्याला नमस्कार करतो. तो करताना ती उतरून घेणारालाही स्मरावे, आणि जे वाचावयाचे ते गाळलेल्या भागासह वाचावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.